आमची सुमी डॉक्टर नाय

पोलादपूरच्या स्टँडवरून सातारा गाडी सुटली तेव्हा माझा मेव्हणा वामन खिडकी धरून धावत होता. "भावोजी, सुमीला सांगा, माझ्या गुडघ्यासाठी गोळी धाड म्हणावं!" सुमी, माझी लेक, शेजारीच बसली होती. तिची आय जाऊन महिनाही झाला नव्हता. म्हसरं वामनच्या गोठ्यात बांधून मी लेकीसोबत बंगळूरला निघालो होतो.

वाडीतल्या माणसांनो, आणि पोरांमागं शहरात गेलेल्यांनो, सरळ लिहितो. सुमी डॉक्टर नाय. महाडच्या कॉलेजात ती फिजिक्स शिकली, म्हणजे उजेडाचं, वजनाचं, जोराचं शिक्षण. इथल्या, बंगळूरच्या लॅबला रक्ताचा शोध घ्यायला तशीच माणसं हवी होती. रक्तातला एक कण ती लेझरच्या उजेडानं धरते, ताणते, किती ताठ हाय ते मोजते. नाडी तिला कळत नाय. हे तिनं घरी सांगितलं होतं. पण तिची आय झाडपाल्याचं औषध देणाऱ्याची पोर. रक्ताचं काम करते म्हणजे औषध देणारच, असं तिनं धरलं. आपली रीत तुम्हाला ठाऊक हाय. घरात औषध देणारं माणूस असलं की दुसऱ्याचं घ्यायचं नाय, हातगुण जातो.

सुमीच्या आयच्या छातीत कळ यायची. मी म्हणायचो, महाडला दाखवू. ती म्हणायची, "सुमी शिमग्याला येल. पोरीचा गुण घालवू नका." होळीची लाकडं तोडायच्या आधीच ती गेली.

इथं फ्लॅट हाय, लिफ्ट हाय. शेजारीण 'ऊटा आयता' विचारते, म्हणजे जेवलात का. मी नुसती मान हलवतो.

एकदा ताटावर सुमी म्हणाली, "तात्या, सोडते हे काम."

"सोडून आय परत येते काय? जेव."

मग तिनं लॅबमध्ये नेऊन पडद्यावर तो कण दाखवला. तुम्हाला वाटंल मला अभिमान वाटला. राग आला मला. एवढं बारीक दिसतं, नि घरचं माणूस दिसलं नाय.

आज सकाळी वामनचा फोन आला. त्याच्या बायकोला तशीच कळ येते. म्हणाला, "सुमी आली की बघंल." मी शिव्या घातल्या. तो उखडला, "शहरात गेलात नि आम्हाला परकं केलंत!" सुमीनं फोन ओढून घेतला.

"मामा, मला औषध देता येत नाय रे. येत असतं तर आय गेली असती काय? मामीला आत्ताच खाली महाडला ने."

घराबाहेर तिच्या तोंडून हे पहिल्यांदाच आलं.

दुपारी कळलं, मामीला जीपमध्ये घालून महाडला नेली. पुढचं अजून कळलं नाय. सुमी आज लॅबला गेली नाय. फोन मधे ठेवून आम्ही दोघं वाडीकडं कान लावून बसलोय. घर म्हणाल तर आता हेच.