थंडी न भरलेली अंडी

आमच्या भागातल्या सफरचंदाच्या बागांत तिला सगळे भिंगवाली म्हणत. हिवाळा लागला की लोक छाटलेल्या काड्या घेऊन तिच्या दारात हजर. डोळ्याला भिंग लावायची आणि काडीच्या बेचक्यातली, पानांचा रस शोषणाऱ्या लाल कोळ्याची अंडी मोजायची. खसखशीहून बारीक, विटेसारखी लाल. दिवस लहान व्हायला लागले की कोळ्याची मादी ही अंडी घालते आणि स्वतः मरते. झाडावर हिवाळाभर तेवढीच उरतात.

तिचा थोरला भाऊ तिच्या शब्दाबाहेर नव्हता. एका वर्षी हिवाळा तोंडावर असतानाच तिनं त्याच्या बागेतल्या काड्या आणून शेगडीजवळ उबेला ठेवल्या. वीस दिवसांत एक अंडं फुटलं नाही.

"मेली सगळी," ती म्हणाली. "फवारणी कशाला करतोस?"

भावानं पंप काढलाच नाही. पण अंडी मेली नव्हती. त्या अंड्यांत आधी दोन-तीन महिन्यांची थंडी भरावी लागते. त्याआधी कितीही ऊब द्या, ढिम्म हलत नाहीत. बाहेर झाडावर ती थंडी भरली आणि पालवीबरोबर कोळी उठला. पानं तांबूस पडली, फळ गोटीएवढं राहिलं. दोन हंगाम झगडून भावानं झाडांना कुऱ्हाड लावली.

बहिणीला मात्र तो एका शब्दानं बोलला नाही. रोज यायचा, चहा प्यायचा, जायचा. शिव्या घातल्या असत्या तर ती सुटली असती.

तो गेला तेव्हा डॉक्टरांनी नाडी सोडली, तरी हिचा हात त्याच्या छातीवरच. "गार पडलाय म्हणून काय झालं? थांबा जरा." बायकांनी ओढून बाजूला केलं. त्यानंतर तिनं काड्या बघणं सोडलं. पण उशीच्या अभ्र्यावर, फरशीच्या फटीत तिला लाल ठिपके दिसत. नखानं खरवडत बसायची.

भावाच्या लेकीनं त्याच जागेवर नवी झाडं लावली. येत्या हंगामात पहिलं फळ धरायचं होतं. हिवाळ्याच्या सुरुवातीलाच ती काड्यांची मोळी घेऊन आली.

"आत्या, ही जिवंत आहेत की मेली, सांग."

"दुसऱ्या कोणाला विचार."

"दुसऱ्या कोणाला माझा बाप बुडवायचा अनुभव नाही."

आत्या फिसकन हसली. कित्येक वर्षांनी कुणीतरी ते तोंडावर बोललं होतं.

अर्ध्या काड्या तिनं शेगडीजवळ ठेवल्या, अर्ध्या ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये. भाची येऊन फ्रीज उघडायची. "खायला काही ठेवतेस की नुसतं सरपण?"

उबेतली अंडी गप्पच राहिली. तीन महिन्यांनी फ्रीजमधल्या काड्या बाहेर काढल्या. अकराव्या दिवशी सकाळी भिंगाखाली एक टरफल उघडं दिसलं. शेजारी सहा पायांचं लाल पोर चालत होतं.

आत्या भाचीकडे वळली. "पंप काढ. झाडावरचीही उठायच्या बेतात असतील. कळी उमलायच्या आत अंड्यांवर तेल फवार."

भाची दारात थबकली. "तेल मारलं की मरतील ना गं सगळी?"

आत्यानं भिंग पदरानं पुसलं.

"मार, आणि परत काड्या आणून दे. पुढच्या हिवाळ्यातही आण. मरतील असं तेवढं माझ्या तोंडून वदवू नकोस."