नामदेवचा दम

माळावरून चालून आलं की धोतराला कुसळं चिकटतात, तसे आमच्या हुतूतूच्या टीमचे किस्से. एक उपटायला जावं तर चार हाताला लागतात. परवा नातू सांगत होता, आता म्हणे खेळाडूंचं मन खंबीर करायला वेगळा कोच असतो. मी म्हटलं, "आमच्या रोहणा गावाला होता की! एकोणीसशे पन्नासच्या पुढच्या त्या वर्षांत!" तो हसला. मला मात्र दौलतभाऊंची अशी आठवण आली की चहा तसाच निवून गेला.

दौलतभाऊ म्हणजे गुडघा कामातून गेल्यामुळे कुस्ती सोडलेले पैलवान. आमच्या टीमचे गुरू, कॅप्टन, सगळं तेच. त्यांचं म्हणणं एकच, "अंग काय, बैलालेबी असते. मॅच डोक्यात हारते मानूस!"

*

गर्दीची भीती जावी म्हणून ते आमची प्रॅक्टिस बाजाराच्या दिवशी ठेवत, तीही बाजाराला लागूनच. वर गावाला हुकूम, "पोट्ट्याईले शिव्या द्या. लाजू नोका!"

गाव कशाला लाजतंय! मिरच्या विकणारी सखूबाई तर गिऱ्हाईक सोडून यायची. "काऊन रे, पाय हायेत का ढेकळं? घरी जा, मायचं दळन दळ!" पहिल्या बाजाराला आमचे कान लाल झाले. पुढे पुढे तिनं शिवी दिली नाही तर चुकल्यासारखं वाटायचं.

मग आर्वीला मॅच लागली. अख्खं रोहणा बैलगाड्या जुंपून आलं आणि मॅच सुरू होताच सवयीनं आम्हालाच शिव्या द्यायला लागलं! आर्वीचे गडी खेळायचं सोडून बघतच राहिले. त्यांच्या कॅप्टननं मला हळूच विचारलं, "तुमचं गाव तुमच्यावरच काऊन खवळून राह्यलं?"

मी म्हटलं, "प्रॅक्टिस हाय!"

ती मॅच आम्ही आरामात जिंकलो.

*

मॅचच्या आधी दौलतभाऊ सगळ्यांना लिंबाखाली बसवत. "डोळे मिटा. पुरी मॅच मनात खेळून घ्या. मंग मैदानात नवीन काईच राह्यत नाई."

एकदा सगळे डोळे मिटून बसलेले, आणि बाजीराव मुसमुसायला लागला. चांगला दांडगा गडी, पण गालावरून धारा.

"काऊन रे, काय झालं?"

"भाऊ, मी मनातबी हारलो!"

दौलतभाऊंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "मंग पुन्हा खेळ लेका! मनातला पंच आपलाच हाय!"

*

पण दौलतभाऊंना खरा घोर होता तो नामदेवचा. त्याच्यासारखा दम मी पुन्हा ऐकला नाही. चढाईला गेला की त्याचं हुतूतू एका सुरात चालायचं, विहिरीवरच्या बायका घागर तशीच धरून ऐकायच्या. आजही कधी दुपारी डोळा लागला की तो आवाज येतो, आणि जागा झालो की घर फार रिकामं वाटतं.

फक्त एक होतं. त्याचे वडील, गणपतकाका, बघायला उभे राहिले की नामदेवचा दम तुटायचा. शिव्यांनी तुटायचा नाही, आर्वीच्या गर्दीत तुटला नाही. बाप दिसला की तुटलाच! काका कधी रागावले नव्हते, एक शब्द बोलले नव्हते. नामदेवलाही कारण सांगता येईना. "त्याईच्यासमोर बेस खेळाव वाटते ना," एवढंच म्हणायचा.

काकांच्या हे लक्षात आलं. मॅच असली की ते मुद्दाम वावरात निघून जायचे. संध्याकाळी मात्र आमच्यापैकी एकाला अंगणात बोलवायचे. "मले करून दाखव. कसा गेला? कोनाले शिवला?" मग आम्ही अंगणात नामदेव व्हायचो आणि काका बाजेवर बसून बघायचे. आमचा दम तुळशीपर्यंतही पुरायचा नाही. "थो असाच गेलता का?" विचारायचे. आम्ही हो म्हणायचो. त्यांचा चेहरा बघून फार वाईट वाटायचं.

*

यावर दौलतभाऊंनी इलाज काढला. काकांची जुनी बंडी, धोतर आणि टोपी मागून आणली, आत तुराट्या भरल्या आणि मैदानाच्या कडेला बुजगावणं उभं केलं. "हा तुहा बाप. याच्यासमोर खेळ!"

पहिल्या दिवशी नामदेवचा दम बुजगावण्यापुढेही तुटला! जाणारे-येणारे बुजगावण्याला रामराम करायचे, उत्तर आलं नाही की चिडायचे. हळूहळू नामदेव सरावला. चढाईला जायच्या आधी बुजगावण्याची टोपी स्वतः सरळ करू लागला.

एके दिवशी खरे गणपतकाका गाडी घेऊन रस्त्यानं चालले होते. आम्हाला वाटलं, आता हसतील. त्यांनी बैल थांबवले, बुजगावण्याकडे बराच वेळ पाहिलं.

"याचं बरं हाय," म्हणाले. "याले रोज पाह्यले भेटते."

आणि गाडी हाकून निघून गेले. त्या दिवशी प्रॅक्टिसमध्ये कुणाचंच मन लागलं नाही.

*

तळेगावची फायनल. काका त्याच दिवशी तिथल्या बाजारात बैल बघायला आले होते, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. नामदेव चढाईला गेला आणि गर्दीच्या मागे मला काका दिसले. त्यालाही दिसले. काका घाईघाईनं पाठ फिरवून निघाले, पण गर्दीतून वाट मिळेना.

दौलतभाऊंनी डोळे मिटून घेतले.

आवाज थोडा कापला. पण तुटला नाही. नामदेव एकाला शिवला, दुसऱ्याला शिवला, रेघ ओलांडून परत आला. पंचानं शिट्टी मारली. तरी हा थांबेना! हुतूतू चालूच. तसाच मैदानाबाहेर गेला, माणसं बाजूला झाली, आणि काकांच्या खांद्याला हात लावून त्यानं दम सोडला.

काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"म्हंजे मी बाद का रे?"

नामदेवला बोलायला श्वास नव्हता. त्यानं नुसती मान डोलावली. काका धोतर सावरत निघाले आणि तळेगावचे बाद गडी बसले होते त्या रांगेत, शेवटी जाऊन बसले. पंचानं पुन्हा शिट्टी मारली.

मॅच पुढे सुरू झाली. आमचे गडी बाद होत गेले तसे तळेगावचे एकेक जिवंत होऊन उठले. शेवटी रांगेत एकटे गणपतकाका राहिले. तेवढ्यात आमचा आणखी एक गडी पडला, आणि तळेगावच्या कॅप्टननं हात जोडून हाक मारली, "काका, उठा! तुमी जित्ते झाले!"

काकांची नजर नामदेववरून हलली नाही.

"बसू दे बापू," ते म्हणाले. "इथून बेस दिसते."