बाराव्या पेल्याचा वास

एर्सिरा सान्दोवाल वाइन चाखायला बसली की आधी उजवा डोळा मिटायची. मग मान जराशी कलती करून पेल्यात नाक घालायची, आणि आतून कुठून तरी एक लांबलचक "हंऽऽऽ" निघायचं. ते "हंऽऽऽ" कियायेस टेकडीवरच्या लहानथोर सगळ्यांना हुबेहूब काढता यायचं. दुकानवाली फ्रेसिया तर बटाटे निवडतानाही डोळा मिटून म्हणायची, "हंऽऽऽ, ह्याला ऊन कमी पडलंय," नि गिऱ्हाईक पोट धरून हसायचं. पण चेष्टा निराळी आणि निकाल निराळा. सप्टेंबरच्या सणाला फांद्यांचा मांडव उभा राहिला की त्यात कुणाची पिपेन्यो ओतायची, हे एर्सिराचं नाक ठरवायचं. त्यावर ब्र काढायची कुणाची छाती नव्हती.

पिपेन्यो म्हणजे चिलीतल्या इताता नदीकाठची साधी वाइन. बाटली नाही, नावाची चिठ्ठी नाही. पिंपातून बुधल्यात आणि बुधल्यातून पोटात. सांतियागोची माणसं तिला हलकी म्हणतात. एर्सिरा म्हणायची, "हलकी त्यांची जीभ."

त्या वर्षी शाळेच्या खोलीत बारा बुधले आले, प्रत्येकावर नुसता आकडा. पेलेही बाराच. ते गावचे असले तरी त्यांची पेटी एर्सिराच्या घरी असायची. चाखण्याआधी प्रत्येक पेल्यात घोटभर वाइन घोळवून फेकून द्यायची, म्हणजे पेटीचा, फडक्याचा कसलाच वास उरत नाही, हे सगळ्यांना शिकवलं तेही तिनंच. अकरा पेले तिनं तसे घोळवले. बाराव्याला हातातला वाइनचा मग रिकामा झाला. शेजारी बसलेले ओतोनिएल मास्तर घड्याळ बघत होते.

"जाऊ दे, एका पेल्यानं काय होतंय," ती म्हणाली.

बाराव्या बुधल्यातली वाइन बाराव्या पेल्यात पडली. एर्सिराचा डोळा मिटला. "हंऽऽऽ... बुरशी."

"अगदी, अगदी!" मास्तर हुंगून म्हणाले. एर्सिरा 'आज सोमवार' म्हणाली तरी मास्तर दोनदा 'अगदी' म्हणायचे. "ओल्या तळघराची बुरशी."

"पिंपाचं लाकूडच गेलंय."

आकडा उघडला. वाइन बेलार्मिनो केसादाची निघाली. भिंतीशी उभा राहून तो टोपी पिळत होता.

"लाकूड गेलंय?" त्यानं विचारलं.

"वाईट वाटून घेऊ नका, दादा. पण ते पिंप मोडा. त्यात आता काही घालू नका."

"आईनं लग्नात आणलेलं आहे हो ते."

"म्हणून काय झालं? लाकडाचंही वय होतंच."

"मोडतो," तो म्हणाला, आणि गेला.

खोली रिकामी झाली. पेले गोळा करताना सवयीनं तिनं प्रत्येकात नाक घातलं. बाराव्यापाशी ती थांबली. पेला रिकामा होता आणि वास तसाच होता. मग तिला आठवलं, गेल्या सणानंतर पेले पुसता पुसता फडकं चिंब झालं होतं, म्हणून शेवटचा पेला तिनं ओलाच, पालथा, पेटीत ठेवून दिला होता. अख्ख्या हिवाळ्याची ओल त्यात बसली होती.

तिनं बाराव्या बुधल्यातली वाइन दुसऱ्या पेल्यात ओतून घेतली. पिकलेली चेरी, आणि मागून भाजलेल्या पिठाची ऊब. मांडवासाठी निवडलेल्या वाइनपेक्षा ही कितीतरी चांगली होती.

बेलार्मिनोची खेचरगाडी अजून वळणावर दिसत होती. हाक मारली असती तर पोचली असती. एर्सिरानं पेला कागदात गुंडाळला, बुधला शालीआड घेतला आणि घर गाठलं. "उद्या सांगते," ती बुधल्याला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती फ्रेसियाच्या दुकानात गेली ती सांगायच्या तयारीनंच.

"ऐकलंत का?" फ्रेसियानं तिलाच धरलं. "बेलार्मिनोनं घरी जाऊन चाखली. त्यालाही बुरशीच लागली! त्याची बायको तर म्हणते, मला गेल्या वर्षापासनं वास येत होता, पण बोलायचं कसं? आणि माझंच बघा ना, परवा त्यांच्याकडं पेलाभर प्यायले, तर ढेकर कसला आला? बुरशीचा! तुमचं नाक म्हणजे नाक, बाई!"

एर्सिरानं मीठ घेतलं आणि ती परत आली.

चार दिवस असेच गेले. मन खात होतं. राखेत भाजलेल्या भाकरीचा तुकडा घशाखाली उतरत नव्हता. वाइन मात्र उतरत होती. पहिल्या संध्याकाळी ती खात्री करायला प्यायली, दुसऱ्या संध्याकाळी पहिली खात्री बरोबर होती का ते बघायला. पुढच्या दोन संध्याकाळी तिला काही कारण सुचलं नाही, तरी तिनं ओतून घेतली.

पाचव्या दिवशी सकाळी टेकडीवरून, बेलार्मिनोच्या घराकडून येणारा पाट लाल वाहत होता. फ्रेसियाच्या कोंबड्या त्यातलं पिऊन तिरप्या चालत होत्या. बघणारे हसत होते. एर्सिरानं पेला घेतला, बुधला घेतला आणि चढण चढायला लागली.

बेलार्मिनोच्या अंगणात पिंपाच्या फळ्या ओळीनं मांडलेल्या होत्या.

"दादा, वाइन चांगली होती. पेला खराब होता, आणि तो मी खराब केला होता."

तो हसला. "तुमचं मन मोठं, बाई. माझी समजूत घालायला एवढी चढण चढलात."

"समजूत नाही घालत. खरं तेच सांगतेय."

"अहो, मला स्वतःला येतोय ना वास! झोपेतसुद्धा येतो."

तिनं पेला त्याच्या नाकाशी धरला. तो झटकन मागं सरला. "हाच! हाच तो."

"आता हे घ्या." तिनं त्याच्याच चहाच्या कपात बुधल्यातली ओतली.

त्यानं घोट घेतला, मग दुसरा. नंतर त्यानं पाटाकडं बघितलं. एर्सिराला वाटलं, ह्यानं आता शिवी द्यावी, म्हणजे सुटेन. त्यानं दिली नाही.

फळ्यांवर खडूनं आकडे होते, एक ते तेवीस. "हे कशाला?" तिनं हळूच विचारलं.

"सरपणात टाकवेना. माणूस गेलं तरी त्याचे हातपाय आपण नीट जुळवूनच ठेवतो ना."

"म्हणजे पिंप पुन्हा उभं राहील?"

"पिंप राहील," तो म्हणाला.

"मी मांडवात सांगेन, दादा. सगळ्यांसमोर."

"ते सांगालच." त्यानं बुधला उचलून उजेडात धरला. वाइन निम्म्याच्याही खाली होती. "मी हा काठोकाठ भरून दिला होता."

एर्सिराची मान खाली गेली. "रोज संध्याकाळी घेत होते."

"चांगली होती?"

"हो."

"किती चांगली? बसा. नीट सांगा, चाखायला बसता तसं. आता ती कुणाला प्यायला मिळणार नाही. मला निदान ऐकू तरी द्या."

उरलेली त्यानं कपात ओतून तिच्यापुढं ठेवली आणि टोपी काढून हातात घेतली. एर्सिरानं उजवा डोळा मिटला, मान कलती केली, पण "हंऽऽऽ" काही केल्या निघेना. बेलार्मिनो वाट बघत होता.

"चेरी," ती कशीबशी म्हणाली. "आधी... चेरी."