रात्री न गोठलेला बर्फ

एप्रिलमधल्या बर्फाचं गणित सोपं आहे. रात्री आभाळ मोकळं हवं आणि थंडी कडक हवी. मग दिवसा पाणी झालेला वरचा थर पुन्हा गोठतो आणि सकाळी त्यावरून फरशीवरून चालल्यासारखं चालता येतं. ऊन चढलं की तो सुटायला लागतो. त्याआधी उतारावरून बाहेर पडायचं. आम्ही नवरा-बायको डेन्व्हरजवळ राहतो, दर हिवाळ्यात डोंगरात जातो आणि हिमस्खलनाचा कोर्स दोघांनीही केलेला आहे. तेव्हा हे दोघांनाही पाठ होतं.

नवऱ्याचा कॉलेजचा मित्र बायकोला घेऊन वीकेंडला टेक्सासमधल्या प्लेनोहून आला होता. गडी धडधाकट. आमच्याबरोबर बर्फावर चालायचे स्नोशूज घालून आधीही चाललेला. डोंगरातल्या गोठलेल्या तळ्यापर्यंत जायचं ठरलं होतं.

पहाटे मी थर्मास भरून, बूट चढवून तयार होते. मित्राच्या दारावर टकटक करणार तेवढ्यात नवऱ्याने अडवलं.

"झोपू दे गं. दमून आलाय. पाहुणा आहे, मिलिटरीत भरती व्हायला नाही आलेला."

आपल्याकडे पाहुण्याला उठवत नाहीत. तो आपणहून उठला, सावकाश अंघोळ केली. त्याच्या बायकोने पोहे केले, खाऊनच निघा म्हणाली. मग पुन्हा चहा. मी घड्याळ दाखवलं तर मित्र हसला, "वहिनी, डोंगर कुठे पळून जातोय का?"

त्याच्या बायकोला थंडी सोसत नाही, ती घरी राहिली. आम्ही तिघं निघालो.

गाडीतून उतरून बर्फात पहिला पाय टाकला तो गुडघ्यापर्यंत आत गेला. रात्रभर ढग होते, बर्फ गोठलाच नव्हता. आता ढग फाटून ऊन पडलं होतं. झाडांवरून पाणी ठिबकत होतं. मी म्हटलं, इथल्या इथे थोडं फिरू, वर नको. दोघं म्हणाले, जंगल संपेपर्यंत तरी जाऊ. जंगलात धोका नव्हता, म्हणून मीही गेले.

जंगल संपतं तिथे एक उघडा उतार आडवा ओलांडावा लागतो. पलीकडच्या झाडांमागे तळं. उताराच्या वरच्या अंगाने लिंबाएवढे बर्फाचे गोळे आपोआप सुटून घरंगळत येत होते. यापेक्षा स्पष्ट इशारा डोंगर देत नाही.

"मी इथून पुढे येणार नाही," मी म्हटलं. "तुम्हीही जाऊ नका."

"अगं, समोर तर दिसतंय," नवरा म्हणाला. "तो एवढ्या लांबून आलाय."

"म्हणूनच सांगतेय."

"वहिनी पूर्वीपासून हेडमास्तरीण," मित्र म्हणाला, तसे दोघेही हसले. "यार, चल तू पुढे."

ऐकत नाहीत म्हटल्यावर मी एवढंच बजावलं, की एकावेळी एकानेच जायचं. बर्फाखाली गाडला गेलेला माणूस शोधता यावा म्हणून गळ्यात घातलेले बीकन चालू आहेत का ते तपासलं. नवरा गेला, पलीकडे पोचला, हात हलवला. मग मित्र निघाला. तो मध्यावर असताना वरचा पट्टा सुटला. सिनेमात दाखवतात तसा धुरळा वगैरे काही नाही. ओला बर्फ हळू येतो, ट्रकमधून काँक्रीट ओतल्यासारखा. मित्राने दोन पावलं पळायचा प्रयत्न केला. मग तो दिसेनासा झाला.

मी सॅटेलाइट फोनवरून मदत मागितली आणि बीकन शोधावर लावला. नवरा पलीकडून धावत आला. वरचं सगळं खाली आलेलं होतं, आणखी काही यायला उरलं नव्हतं. सळई खुपसून जागा सापडली आणि आम्ही फावडी चालवली. थांबलेला ओला बर्फ दगडासारखा बसतो. फावडं आत जात नव्हतं, ठोकून ठोकून तुकडे काढावे लागत होते. नवरा त्याला नावाने हाका मारत होता. "बोलू नकोस, खण," मी म्हटलं.

चेहरा मोकळा झाला तेव्हा तो निळा होता. तोंडातला बर्फ काढून मी श्वास दिले, छाती दाबली. मदतीची माणसं आली तरी दाबतच होते. त्यांच्यातल्या एका बाईने माझे हात धरून बाजूला केले.

घरी पोचलो तेव्हा त्याची बायको दारातच उभी होती. पोलिसांनी तिला आधीच कळवलं होतं. नवरा "मी..." म्हणाला.

"तू नको," ती त्याला म्हणाली. "ताई, तुम्ही सांगा. पहिल्यापासून."

मी सांगितलं. पहाटे त्याला उठवलं नाही इथपासून, घरंगळणाऱ्या गोळ्यांपर्यंत. काही गाळलं नाही. नवरा भिंतीकडे तोंड करून ऐकत होता.

"तुम्ही थांबलात," ती म्हणाली.

"हो."

"आणि हे दोघे हसले."

"हो."

 मग तिने आपला फोन माझ्यापुढे धरला. "सासूबाईंना तुम्हीच सांगा. माझ्याच्याने नाही होणार."

पुण्यात उजाडलं होतं. फोन लगेच उचलला गेला. सुनेचा नंबर बघून बाई खुशीत म्हणाल्या, "काय गं, आज इतक्या सकाळी?"

"काकू, ती नाही, मी बोलतेय, डेन्व्हरहून. घरात तुमच्याजवळ कोण आहे?"

"कोणी नाही. का गं?"

"शेजारच्यांना बोलवा. फोन बंद करू नका, मी थांबते."

फोनमधून दार उघडल्याचा आवाज आला.