एकशे एकोणसत्तर घरांची वही

नोकरीतली बहुतेक प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता पंचनामा कोणत्या ठाण्यातला, हे सांगताना मी अडखळतो. सेक्टर दहाच्या एका क्वार्टरमधून जप्त केलेली दोनशे पानी वही मात्र मला पानापानानं आठवते.

तेव्हा मी भिलाईतल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. जिल्ह्यात सट्ट्याविरुद्ध मोहीम सुरू होती आणि रोज संध्याकाळी वरून फोन येई, आज किती गुन्हे नोंदवले. आकड्यांचा सट्टा म्हणजे दोन आकड्यांची जोडी लावायची, आकडा निघाला तर पैसे, नाही तर गेले. या जोड्या ज्या चिठ्ठीवर लिहितात तिला पट्टी म्हणतात. पट्टी सापडली की गुन्हा जवळपास सिद्ध झाल्यासारखाच असे, म्हणून आम्ही सगळे पट्ट्यांच्या मागे होतो.

पावर हाउस भागातल्या बाजारात एक पानठेलेवाला आमचा मुखबिर, म्हणजे खबरी, होता. माणूस भरवशाचा, त्याच्या आधीच्या तीनही खबरा खऱ्या निघाल्या होत्या. त्यानं सांगितलं की सेक्टर दहामध्ये स्टील प्लांटचा एक क्रेन ऑपरेटर घरी बसून पट्टी लिहितो, शिफ्ट सुटल्यापासून कानात इअरफोन असतात आणि वहीत आकडे भरत असतो. मी रोजनाम्यात नोंद केली, हवालदाराला आणि दोन शिपायांना घेतलं, रस्त्यात दोन पंच जमवले आणि दुपारी साडेतीनला त्या दारावर गेलो. पहिली शिफ्ट दोनला सुटते. माणूस घरी असणार हे ठरलेलं होतं.

दार त्याच्या बायकोनं उघडलं. घर स्वच्छ, भिंतीवर बुद्धाचं चित्र, खाली अगरबत्तीची राख. तो आतल्या खोलीत टेबलाशी बसला होता. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, बनियनवर. कानात इअरफोन, समोर उभा केलेला मोबाईल, हातात हिरवी पेन्सिल. आम्हाला पाहून तो उठला, पण पेन्सिल खाली ठेवायचं त्याला सुचलं नाही.

वही हवालदारानं उचलली. प्रत्येक पानावर फूटपट्टीनं आखलेला मोठा चौकोन, आडवी तेरा घरं, उभी तेरा घरं. घराघरात आकडे आणि इंग्रजी अक्षरं. 99, 88, 77, 66. बाजूला 98, 87, 76. काही घरं लाल, काही हिरवी, काही कोरी. आणि जवळपास प्रत्येक पानाच्या माथ्यावर ‘3-bet’.

हवालदार छत्तीसगढचाच, सट्ट्याची वीस वर्षं पाहिलेला. तो म्हणाला, “साहब, जोड़ी लिखी है. और ये देखिए, बेट. खुद लिख के रखा है.”

मलाही शंका उरली नाही. वही आणि मोबाईल जप्त केला, पंचांच्या सह्या घेतल्या आणि त्याला जीपमध्ये बसवलं. शेजारच्या क्वार्टरांच्या दारांत बाया उभ्या होत्या, शिफ्टवरून आलेले लोक सायकली धरून थांबले होते. त्यानं मान खाली घातली नाही. तो सगळ्यांकडे पाहत होता, जणू कोणी तरी पुढे येऊन काही सांगेल. कोणी आलं नाही.

ठाण्यात मी हिंदीत चौकशी सुरू केली. कागद हिंदीत होतात, म्हणून तोंडातही हिंदीच येते. पट्टी कोणासाठी लिहितोस? वरचा माणूस कोण? लाल म्हणजे काय, हिरवं म्हणजे काय? तो एकच उत्तर देत राहिला, “सर, ये पढ़ाई है. पोकर की.” पत्त्यांचा पोकर तो व्हिडिओ पाहून शिकत होता, असं त्याचं म्हणणं. मी तीस वर्षांत आरोपींची पुष्कळ उत्तरं ऐकली होती, अभ्यासाचं उत्तर कोणी दिलं नव्हतं. हवालदार हसला. मीही त्याला म्हणालो की या वयात पत्त्यांचा अभ्यास करणारा माणूस मी पाहिला नाही.

संध्याकाळी मी त्याला घरी जाऊ दिलं आणि सकाळी नऊला हजर राहायला बजावलं. अटक अजून दाखवली नव्हती. दाखवली की चोवीस तासांत कोर्ट, आणि प्लांटला लेखी कळवणं आलं. कोठडी अठ्ठेचाळीस तासांच्या वर गेली तर नोकरीतून निलंबन, हे त्यालाही माहीत होतं. निवृत्तीला त्याची सहा वर्षं उरली होती. वरून फोन आला तेव्हा मी सांगून टाकलं, उद्या एक पक्का गुन्हा आहे.

सकाळी तो पावणेनऊलाच आला. बायको बरोबर होती, ती बाहेरच्या बाकावर बसली. मी पंचनाम्याचा मसुदा लिहायला घेतला. जप्त वस्तूचं वर्णन करताना वही पहिल्या पानापासून पाहावी लागते. आदल्या दिवशी मी मधलीच पानं पाहिली होती. आता एकेक पान उलटत गेलो आणि पंचवीस-तीस पानांनंतर हात थांबला. वहीत कुठेही एक रुपया लिहिलेला नव्हता. कोणाचं नाव नव्हतं, फोन नंबर नव्हता, तारीख नव्हती. लावणाऱ्याचं नाव आणि रक्कम नसलेली पट्टी असूच शकत नाही. हे मला काल पहिल्या मिनिटाला दिसायला हवं होतं. मला ते दिसलं नाही, कारण मी काय शोधायला आलो आहे हे मी आधीच ठरवलं होतं.

मी त्याला आत बोलावलं, हवालदाराला दार लोटायला सांगितलं, आणि मराठीत विचारलं, “गाव कोणतं तुमचं?”

तो दचकला. मग म्हणाला, “भंडाऱ्याकडचं, साहेब. बाप इथं प्लांट उभा राहत होता तेव्हा आला.”

“माझं नागपूरजवळचं. आता सांगा, हे थ्री-बेट म्हणजे काय.”

आदल्या दिवशी हिंदीत त्यानं उत्तरं दिली होती. आता तो सांगू लागला. पोकरात प्रत्येकाला दोन पानं उलटी मिळतात. मग मधे तीन पानं उघडतात. ती उघडण्याआधीच डाव लावायचा असतो. सुरुवातीचा सक्तीचा डाव हा पहिला. कोणी तो वाढवला तर दुसरा. त्या वाढवणाऱ्यावर आपण पुन्हा वाढवलं तर तिसरा. म्हणून थ्री-बेट. दोन पानांच्या जोड्या मांडल्या की तेरा गुणिले तेरा, एकशे एकोणसत्तर घरं होतात. कोणत्या जोडीवर पुन्हा वाढवायचं ते लाल, कोणत्यावर फक्त बरोबरी करायची ते हिरवं, बाकी पानं टाकून द्यायची.

“हे तुम्हाला कोणी शिकवलं?”

“मोबाईलवर एक सर आहेत, ते शिकवते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तीन महिने घरी होतो तेव्हा लागलो. इंग्रजी कमी समजते, म्हणून एक व्हिडिओ चार-चार वेळा पाहतो अन् वहीत उतरवून घेतो.”

मी जप्त केलेला मोबाईल काढला, त्याच्याकडूनच उघडून घेतला आणि त्यानं अजून न पाहिलेला एक व्हिडिओ लावला. शिकवणारा एक डाव मांडायचा आणि उत्तर द्यायच्या आधी क्षणभर थांबायचा. मी तिथं व्हिडिओ थांबवायचा आणि याला विचारायचं, असं ठरलं. हवालदार कागद घेऊन बसला.

पहिल्या डावात शेवटच्या जागेवरच्यानं वाढवलं होतं आणि आपल्याकडे बदामचा एक्का आणि बदामचीच पंजी.

“पुन्हा वाढवायचं,” तो म्हणाला.

“पंजी तर फालतू पान आहे.”

“म्हणूनच, साहेब. एक्का आपल्याकडे आला म्हणजे समोरच्याकडे दोन एक्के असायचा चान्स कमी. अन् नेहमी मोठ्याच पानावर वाढवलं तर समोरचा समजून जाते. कधी कधी असंही वाढवावं लागते.”

व्हिडिओ पुढे सोडला. शिकवणाऱ्यानं तेच सांगितलं. पुढचा डाव राजा आणि गुलाम, दोन वेगळ्या रंगांचे, समोर पहिल्याच जागेवरच्यानं वाढवलेलं. तो म्हणाला, “सोडून द्यायचं. दिसते चांगलं, पण तिथं मरते.” तेही बरोबर निघालं. असे अकरा डाव झाले. दहा बरोबर आले. अकराव्याला तो म्हणाला पुन्हा वाढवायचं, आणि शिकवणाऱ्यानं सांगितलं, फक्त बरोबरी करायची.

त्याचा चेहरा उतरला. तो मोबाईलकडे वाकला आणि म्हणाला, “हे मले यायला पाहिजे होतं. कालच केलं होतं मी. साहेब, पुन्हा एकदा दाखवता का?”

मी लाय डिटेक्टर कधी वापरला नाही. पण ज्याची नोकरी टांगणीला लागली आहे असा माणूस ठाण्यात बसून एका चुकलेल्या उत्तरासाठी ओशाळतो, तेव्हा आणखी तपासायचं काही उरत नाही. हवालदारानं कागद खाली ठेवला. तो मला हळूच म्हणाला, “छोड़ दीजिए साहब. ये विद्यार्थी है.”

मग मी विचारलं, हे सगळं कशासाठी? त्यानं सरळ सांगितलं. रुआबांध्याला एका मित्राकडे चार जण सुट्टीच्या दिवशी बसायचे. बावीस वर्षांपासून. आधी तीन पत्ती, मग मित्राच्या जावयानं पोकर दाखवला. लहानसे डाव, हरला त्यानं समोसे आणायचे. “अन् समोसे नेहमी मीच आणायचो,” तो म्हणाला. “ते लोक हसत. मीही हसत होतो. प्लांटमध्ये प्रमोशनची परीक्षा दोनदा दिली, दोनदा नापास. घरच्यांनी अन् मीही मानून घेतलं होतं का आपल्याले डोकं नाही. या व्हिडिओत पहिल्यांदा असं झालं का मी काही शिकून राहिलो अन् ते मले येऊन राहिलं.”

आता खबर कुठून निघाली ते पाहणं भाग होतं. पानठेलेवाल्याला बोलावलं. तो टाळाटाळ करत होता, पण शेवटी म्हणाला की त्याला हे एका गिऱ्हाइकानं सांगितलं. प्लांटच्या ऑफिसात क्लार्क, रुआबांध्याला राहणारा. म्हणजे ज्याच्या घरी डाव बसायचा तोच मित्र.

क्लार्क दुपारी आला. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. मी त्याला सांगितलं की वहीत सट्टा नाही हे सिद्ध झालं आहे आणि खोटी खबर देणं हाही गुन्हा आहे. त्यानं पाणी मागितलं. मग म्हणाला, “मले वाटलं तुम्ही दोन थपडा मारून सोडून द्याल. वही फाडून टाकाल.”

“कावून?” मी त्याच्याच बोलीत कारण विचारलं.

“साहेब, बावीस वर्सं त्याच्यासमोर बसलो. चांगलं पान आलं का त्याचे कान लाल व्हायचे. आम्हाला सगळ्यांना दिसे. आता कान लाल होत नाही. मी वाढवलं का तो पुन्हा वाढवते, अन् त्याच्याकडे काय आहे हे मले समजतच नाही. चार महिन्यांपासून समोसे मी आणून राहिलो.”

“समोशांसाठी मित्राला जेलमध्ये घालता?”

“समोशाचं नाही.” त्यानं खिशातली दोन्ही पेनं सरळ केली. “तो आमच्यावर हसला नाही, साहेब. एकदाही नाही. हसला असता तर बरं झालं असतं.”

कायद्यानं पाहिलं तर त्या चौघांचा घरचा डावही निर्दोष नव्हता. पण जागेवर पत्ते नाहीत, पैसे नाहीत, चालू खेळ नाही. मी क्लार्ककडून लेखी जबाब घेतला, कडक समज दिली आणि रोजनाम्यात खबर निराधार असल्याची नोंद केली. संध्याकाळच्या फोनवर सांगितलं की आज गुन्हा नाही. पलीकडून जे ऐकावं लागलं ते ऐकून घेतलं.

ऑपरेटरला वही आणि मोबाईल पावतीवर परत दिला. खबर कोणी दिली हे सांगायला मला मनाई होती, त्यानंही विचारलं नाही. सही करताना तो एवढंच म्हणाला, “मले मालूम आहे. आम्ही चारच तर होतो.”

मी त्यांना जीपनं घरी पोचवतो म्हणालो. त्याची बायको दोन दिवसांत माझ्याशी पहिल्यांदा बोलली. “नको साहेब. आम्ही पायी जातो. सगळ्यांच्या दारासमोरून जातो.” आणि ते दोघे गेले. अटकेचा कागद मी केला नाही याचं मला तोवर समाधान होतं. ते तिथं संपलं. माणसाला नेताना आम्ही गर्दी जमवतो, सोडताना मात्र त्याला एकट्याला सोडतो. त्यानंतर पक्का पुरावा हाती आल्याशिवाय मी कोणालाही दिवसाउजेडी वस्तीतून जीपमध्ये घातलं नाही.

दुसरी गोष्ट खबरीची. खबर खरी की खोटी, खबरी भरवशाचा की नाही, एवढंच आम्ही पाहायचो. ती त्याच्यापर्यंत कोणी पोचवली आणि त्याला काय सलत होतं, हे विचारायची सवय मला या प्रकरणानंतर लागली. पुढच्या नोकरीत निम्म्या खबरा मी या प्रश्नावरच थांबवल्या. बहुतेक वेळा कोणीतरी शेजारी, भाऊ किंवा सोबती आपल्या ठरलेल्या जागेवरून हललेला असे, आणि दुसऱ्याला ते सोसत नसे.

महिनाभरानं क्लार्क पुन्हा ठाण्यात आला. मला वाटलं काही तक्रार असेल. तो खुर्चीवर बसला नाही. म्हणाला, डाव बंद झाला आहे, बाकीचे दोघेही येत नाहीत. “तो गेटवर भेटते, साहेब. नमस्कार करते, बोलत नाही. मी दोनदा माफी मागायला घरी गेलो, त्यानं चहा पाजला अन् काही बोललाच नाही. तुमचं तो ऐकेल. तुम्ही एकदा बोलावून सांगून पाहा ना.”

मी त्याला सांगितलं की हे पोलिसांचं काम नाही. तो मान हलवत उभा राहिला, आणि मग कोणत्या खिडकीवर जावं हे न कळलेल्या माणसासारखा ठाण्याच्या आवारात थोडा वेळ थांबून निघून गेला.