तिले विचारा आधी

ताईच्या घरी एक नियम होता. पाहुणे आले की तिची मुलगी लांबूनच हात जोडायची. कुणी तिला जवळ ओढू लागलं की ताई म्हणायची, "तिले विचारा आधी."

लोक हसायचे. "काहून वं, पोरगी कलेक्टर झाली का? अर्ज देऊ का?"

ताईही हसायची, पण नियम सोडायची नाही. मुलगी "नाही" म्हणाली की विषय संपायचा.

हा नियम कुठून आला, ते आमच्या सगळ्या नात्यात ठाऊक होतं. ताई लहान असताना, बायका गच्चीवर कुरड्या वाळत घालत होत्या तेव्हा, वडिलांच्या चुलतभावाने खालच्या खोलीत तिच्या अंगाला हात घातला होता. लग्नानंतर तिने ते सर्वांसमोर सांगितलं. कुणी खोटं म्हटलं नाही. "मोठा माणूस आहे, जाऊ दे," एवढंच म्हणाले.

यंदा ताई आजाराने गेली. तेरवीला ते काका आले. जेवणं झाल्यावर दिवाणावर बसले आणि रिवाजाप्रमाणे पाया पडायला लहानांची रांग लागली. ताईची मुलगी भिंतीशी हात जोडून उभी राहिली. आत्याने तिच्या पाठीला हात लावून पुढे ढकललं. "जा वं, आजोबाच्या पाया पड."

काकांनी हात पसरले. "ये बाळा, माझ्याजवळ बैस."

शाळेत मुलींना 'नाही म्हणा' शिकवतात. घरी पाठीवरचा हा हात ते पुसून टाकतो. मी सुपारीचं ताट खाली ठेवलं आणि दोघांच्या मध्ये उभी राहिले.

"तिले विचारा आधी," मी आत्याला म्हटलं. मग वळले. "काका, तुम्ही विचारूही नका. तुम्ही उठा."

"आजच्या दिवशी तरी राहू दे वं," आत्या कुजबुजली.

"आजच. का, ते कुणाला आठवत नसेल तर मी मोठ्याने सांगते."

कुणालाच आठवण करून द्यावी लागली नाही. भाऊजी, मुलीचे वडील, उठले. कोपऱ्यातली काठी आणून त्यांनी काकांच्या हातात दिली आणि दार उघडून धरलं. काका गेले.

मग आत्या डोळे पुसत मुलीसमोर आली. "मी घेऊ का वं तुले जवळ?"

मुलीने विचार केला. "नाही," ती म्हणाली.

आत्या मागे सरकली.