डावी बाजू ओव्हिलियोची

इटलीतल्या मोदेनात गाड्यांचा पत्रा ठोकणारे पुष्कळ होते, पण ओव्हिलियो मालागोलीचा हात काही औरच. नकाशा नाही, साचा नाही. वाळूच्या पोत्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवायचा आणि नुसत्या नजरेच्या अंदाजाने ठोकत गाडीला अंग आणायचं. डावी बाजू त्याची, उजवी त्याचा जोडीदार देर्नोची. सत्तावन्न साली दोघांनी गावातल्या कारखान्यासाठी घडवलेली शर्यतीची लाल गाडी म्हणजे ओव्हिलियोच्या जन्माचं सार्थक. म्हातारा तसं बोलूनही दाखवायचा, कोणी विचारो न विचारो.

तीस वर्षांनी झुरिकच्या एका मालकाने ती गाडी गावात आणली. बरोबर एक तज्ज्ञ. त्याने पट्टी लावली, कागदावर 'नकली' लिहिलं आणि निकाल देऊन टाकला, "डावं मडगार्ड उजव्यापेक्षा दोन बोटं खाली आहे. असलं बेंगरूळ काम त्या कारखान्यातलं नाही. गाडी नकली!"

ओव्हिलियोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "नकली? अहो, मी ठोकलीय ती!"

"मग दोन्ही बाजू सारख्या का नाहीत?"

म्हातारा मडगार्डावरची धूळ पुसू लागला. बायकोला, इरिदेला, राहवेना. "सांगा की आता! अहो साहेब, पत्त्यांच्या डावावरून भांडले होते दोघं. गाडी होईपर्यंत एकमेकांशी चकार शब्द नाही. मापं जुळणार कशी? अजून बोलत नाहीत मेले."

"मग त्या दुसऱ्यालाही येऊन सांगू दे," तज्ज्ञ म्हणाला.

देर्नोचं घर दोन गल्ल्या पलीकडे. ओव्हिलियोला जायचं नव्हतं, पण गाडी जिवापेक्षा प्यारी. त्याने दार वाजवलं. "आपली गाडी आलीय. नकली म्हणतायत."

देर्नोने टोपी चढवली.

गाडीपाशी येऊन त्याने उजव्या अंगावरून डोळे मिटून तळवा फिरवला. "ही माझी." मग डावीकडे जाऊन तिथेही तळवा फिरवला. "ही या गाढवाची. दोन बोटं खाली."

"तेव्हाच बोलला असतास तर वर घेतली असती," ओव्हिलियो म्हणाला.

"वाट बघत होतो, तू विचारशील म्हणून."

"मीही."

दोघांचेही डोळे भरून आले. तज्ज्ञाने कागदावरचा 'नकली' हा शब्द खोडला. मालक खुशीत येऊन म्हणाला, "आता दोघं आहातच, तर तेवढं मडगार्ड सारखं करून द्या!"

"हात लावायचा नाही!" दोघे एकदमच ओरडले.